टीपीला वेळ कळते, केळी नाही

पीएलसी प्रोग्रामिंगमधला सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा ब्लॉक म्हणजे टीपी, अर्थात पल्स टायमर. आयईसी ६११३१-३ या स्टँडर्डमधल्या तीन टायमरपैकी हा एक. बाकीचे दोन टीऑन आणि टीऑफ. आयएन शून्याचा एक झाला की क्यू चालू, पीटीमध्ये दिलेली वेळ संपली की क्यू बंद. मधल्या काळात आयएन बंद होवो नाहीतर पुन्हा चालू होवो, गडी कुणाचं ऐकत नाही! दोन मिनिटांत काम होतं, म्हणून आपण तो कुठेही चिकटवतो. माझं म्हणणं इतकंच, की चिकटवायच्या आधी मनातल्या मनात एकदा लाईट घालवून बघावी.

पुण्याच्या एसी ऑफिसात हे सुचत नाही. त्यासाठी फैजपूरला जाऊ. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे इतिहासाच्या पुस्तकात गेलेलं हे गाव, आजूबाजूला केळीच केळी. ठिबकमधून पाण्याबरोबर खत सोडायचं, आणि शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज ठरावीक तासच. तीही मधे जाते.

समजा, खताचा डोसिंग पंप २० मिनिटं चालवायला टीपी टाकला. १२ व्या मिनिटाला वीज गेली. कंट्रोलरला बॅकअप नाही, टायमरही रिटेन्टिव्ह नाही. वीज आली, कंट्रोलर नव्याने सुरू झाला. आयएन जर 'ऑटो'च्या सिलेक्टर स्विचवरून येत असेल, तर बहुतेक कंट्रोलरना पहिल्याच स्कॅनला तो शून्याचा एक झाल्यासारखा दिसतो. म्हणजे पुन्हा पूर्ण २० मिनिटं. एकूण ३२! तेच आयएन पुश बटणावरून असेल, तर उरलेली ८ मिनिटं गेलीच. एकच ब्लॉक, एका शेतात खत जास्त, दुसऱ्यात कमी. आणि प्रोग्राममध्ये बग कुठेच नाही.

दुसरी गंमत याहून वाईट. विहिरीत पाणी उतरलं आणि मुख्य मोटर ड्राय-रनवर ट्रिप झाली. टीऑन असता तर आयएन गेल्याबरोबर क्यू पडला असता. टीपीला रीसेटच नाही. तो इमानदारीत वेळ पूर्ण करणार, खताचं घट्ट द्रावण बिनपाण्याच्या पाइपात ढकलत. त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल, तर ते उलटं विहिरीत. त्याच विहिरीचं पाणी कुणी पीत असेल तर?

पेमेंट दोनदा कापलं जाऊ नये म्हणून आपण सॉफ्टवेअरवाले केवढा जीव टाकतो. शेतकऱ्याच्या खताला तेवढी इज्जत द्यायला काय हरकत आहे?

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. एक, क्यू थेट आउटपुटला जोडू नका. 'मोटर चालू आहे' आणि 'पाण्याचा प्रवाह आहे' यांच्याशी अँड करा. दोन, डोस मिनिटांत नको, लिटरमध्ये मोजा. फ्लो मीटरचे पल्स रिटेन्टिव्ह काउंटरमध्ये साठवले, की वीज आल्यावर उरलेलंच खत जातं. तीन, वीज आल्यावर काय करायचं हे प्रोग्राममध्ये स्पष्ट लिहा, नशिबावर सोडू नका.

फ्लो मीटरचा खर्च वाढतो, मान्य. शाळेची घंटा वाजवायला टीपी झकासच आहे. घंटा दोनदा वाजली तर पोरं हसतील. खत दोनदा पडलं तर कुणी हसत नाही.