केवडा : रोग वाऱ्याचा, तोटा एकट्याचा

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा व लगतचा परिसर भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी ओळखला जातो. बियाणे-उद्योगाचे केंद्र असलेले जालना शेजारीच असल्याने मिरची, टोमॅटो, काकडी यांचे संकरित बी शेडनेटखाली तयार करण्याचे काम येथील लहान शेतकऱ्यांनी पत्करले. मूळ बी कंपनीचे, जाळीचा खर्च व घरादाराचे श्रम शेतकऱ्याचे, आणि पैसा उगवण व शुद्धतेच्या कसोट्या उतरल्यानंतर, असा हा सर्वसाधारण व्यवहार आहे. काकडीवर केवडा आला म्हणजे या व्यवहारातील तोटा कोणाच्या पदरी पडतो, हे वेगळे सांगावयास नको.

केवडा हे नाव सुवासिक, रोग मात्र घातकी. पानाच्या वरच्या अंगास शिरांनी अडविलेले पिवळे, कोनाकृती ठिपके दिसतात आणि दमट सकाळी खालच्या अंगास करडी-जांभळी लव धरते. पान काही तास ओले राहिले की रोगाचे बीजाणू रुजतात व पुढे वाऱ्यावर पसरतात. भुरी पिठासारखी बहुधा पानाच्या वरच्या बाजूस येते. केवडा खालून पोखरतो. हा भेद पुस्तकी वाटेल, परंतु पैसा वाया जातो तो येथेच. भुरीवर चालणारे गंधक किंवा कार्बेन्डाझिम केवड्यावर निरुपयोगी ठरते, कारण केवड्याचा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नसून शैवालाला अधिक जवळचा आहे. मँकोझेब वा ताम्रयुक्त औषधे उपयोगी पडतात, ती रोग येण्यापूर्वी फवारली तरच. मेटॅलॅक्झिल पानात भिनते खरे, पण तेच ते वारंवार वापरल्यास रोग त्यास दाद देईनासा होतो. अशा वेळी शेतकऱ्याचा सल्लागार कोण, तर बहुधा औषध विकणाराच!

याच वर्गातील रोगाने देशाला एकदा मोठा धडा दिलेला आहे. 1965 साली बाजरीचे पहिले संकरित वाण आले. त्याचे आणि पाठोपाठच्या वाणांचे मातृवाण एकच, अमेरिकेतील 'टिफ्ट 23 ए'. 1970-71 मध्ये देशाचे बाजरीचे उत्पादन 80 लाख टनांवर गेले. आणि लगोलग कणसाच्या जागी जटांसारखा पालेदार झुबका आणणाऱ्या 'गोसावी' रोगाने ही वाणे मोडून काढली. त्या वर्षांतील अवर्षणाचा वाटाही नाकारता येणार नाही. परंतु सर्व शेते एकाच मातेची लेकरे झाली की रोगाला कुंपण उरत नाही, हे तेव्हा कळले. पुढे पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेचे 'डब्ल्यूसी-सी 75' हे रोगप्रतिकारक वाण 1982 मध्ये प्रसारित झाले. हे काम सार्वजनिक संस्थेने केले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

कारण केवडा बांध ओळखत नाही. एकाने रोगट वेल वेळीच उपटून जाळले तर त्याचा लाभ शेजाऱ्यास फुकट मिळतो. एकाने हयगय केली तर सारे शिवार त्याचा दंड भरते. असा हिशेब बाजाराला जमत नाही. राज्यात 2009 पासून क्रॉपसॅप ही कीड-रोग सर्वेक्षणाची योजना सुरू झाली, पण तिचा भर मुख्यतः सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा यांसारख्या पिकांवर राहिला. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रांचे आकडे पीकविम्याचे दावे ठरविण्यास चालतात. मग तेच आर्द्रतेचे आकडे पाहून फवारणीचा इशारा आदल्या दिवशी शेतकऱ्यास का मिळू नये?

दुसरी गोष्ट कराराची. तोट्यात कंपनीनेही वाटा उचलावा म्हटले की शेतकरी हयगय करील, असा आक्षेप येतो. तो अगदीच निराधार नव्हे. त्यावर उपाय एवढाच की शेडनेटला भेट देणाऱ्या पर्यवेक्षकाने फवारणीची व रोगाची तारीखवार नोंद दोघांच्या सह्यांनी ठेवावी, आणि इशारा पाळूनही पीक गेले तर किमान लागवडीचा खर्च कंपनीने भरून द्यावा. करार रोप लावण्यापूर्वी होतो; हे कलम त्याच वेळी लिहून घ्यावे लागेल.