पहाटेच्या थंडीत अडखळणारे इंजिन : पाना उचलण्यापूर्वी

मार्गशीर्ष लागला की आमच्या भागात एक तक्रार हमखास कानी येऊ लागते. ट्रॅक्टर पहाटे सुरू होतो, परंतु धड चालत नाही; इंजिन गचके खाते, बॉनेट थरथरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, आणि रेस सोडली की ते बंद पडते. सूर्य कासराभर वर आला म्हणजे तेच इंजिन निमूटपणे काम करू लागते. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हिवाळ्यात पारा ५ अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. द्राक्षबागायतदाराला फवारणी नेमकी याच वेळी, वारा पडलेला असताना उरकावयाची असते. पहाटेचे दोन तास इंजिनापाशी गेले तर त्या दिवसाची फवारणी हुकते, आणि भुरी किंवा केवडा मात्र आपली वाट पाहत थांबत नाही.

या तक्रारीवर सर्रास होणारा उपचार म्हणजे डिझेल पंप उतरवून तपासणीस पाठविणे. माझे स्पष्ट मत असे आहे की, हा उपचार सर्वांत शेवटी करावयाचा असून आपण तो सर्वांत आधी करतो. यात केवळ गावच्या मिस्त्रींना दोष देणे न्यायाचे होणार नाही. आम्ही कृषि पदवीधरही त्यास तितकेच जबाबदार आहोत. महाविद्यालयात इंजिनाचे उभे छेद आम्ही कागदावर काढले, पण गारठलेले इंजिन पहाटे सुरू करून त्याचा आवाज ऐकण्याचा प्रसंग आमच्यापैकी फार थोड्यांवर आला असेल.

प्रथम कारण समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की, नोझलमधून उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. थंडीत मुळात हवा गार, सिलिंडरच्या भिंती गार आणि तेल घट्ट असते. बॅटरी मंदावल्यामुळे सेल्फ सावकाश फिरतो, म्हणजे दाबलेल्या हवेला कड्यांवाटे निसटण्यास व उष्णता भिंतींना देऊन टाकण्यास अधिक वेळ मिळतो. परिणामी डिझेल उशिरा पेटते. काही सिलिंडरांत ते पेटतच नाही आणि वाफ होऊन पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. उशिरा पेटलेले डिझेल एकदम भडकते, तोच तो ठकठक आवाज.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. कडक थंडीत पहिले मिनिट-दोन मिनिटे इंजिन थोडे खडबडणे हा रोग नव्हे. असे इंजिन हळूहळू सावरते आणि त्याचा धूर विरत जातो. त्यावर औषध करू नये. औषध हवे ते, जे इंजिन पाच-दहा मिनिटे झाली तरी सावरत नाही त्याला, किंवा मागील हिवाळ्यात इतक्याच थंडीत नीट सुरू होत होते आणि यंदा होत नाही त्याला.

गेल्या हिवाळ्यातील एक उदाहरण सांगतो. एका बागायतदाराचा तीन सिलिंडरांचा ट्रॅक्टर पहाटे दुसऱ्या सेल्फला सुरू होई, मिनिटभर बरा चाले, नंतर त्याची गती कमी-जास्त होऊ लागे व तो बंद पडण्याच्या बेतास येई. पंप उतरवून झाला होता, तिन्ही नोझल बदलून झाले होते. खर्च बराच झाला, पण पालथ्या घड्यावर पाणी. मी गेलो तेव्हा माझ्यापाशी कोणतेही उपकरण नव्हते. बोलता बोलता ते गृहस्थ म्हणाले, “साहेब, टाकी भरली की दोन दिवस हा बरा चालतो बघा.” रोगाची खूण त्या एका वाक्यात होती. टाकी भरलेली असताना डिझेलची पातळी जोडांच्या वर राहते. ती उतरली म्हणजे कोठेतरी ढिल्या असलेल्या जोडातून हवा आत शिरते, रात्रभरात नळीतील डिझेल मागे उतरते, आणि पहाटे पंपाला डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे मिळतात. पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा बसविला तेव्हा बुडबुडे डोळ्यांनी दिसले. फीड पंपाच्या तोंडच्या बोल्टाखालील तांब्याचे वायसर झिजले होते. ते नवे घातले, हातपंपाने एअर काढली, आणि तक्रार मिटली. वायसरची किंमत सांगितली तेव्हा त्या गृहस्थांना हसावे की रडावे ते कळेना.

ओढीच्या बाजूची ही गळती फसवी असते. इंजिन चालू असताना तेथे आत ओढ असल्यामुळे डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत जाते. म्हणून ‘कोठे ओल दिसत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये.

अशी सर्वच इंजिने वायसरने बरी होतील असे नव्हे. खूण कोणती दिसते त्यावर उपचार ठरतो. सेल्फच जडपणे फिरत असेल तर आधी बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रावणाची घनता १.२६० ते १.२८० असते, ती १.२०० च्या आसपास आली म्हणजे बॅटरी निम्मीच भरलेली आहे असे समजावे. सेल्फ मारताना १२ व्होल्टची बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली उतरू लागली तर ती, तिच्या तारा किंवा तोंडावरची पांढरी बुरशी, यांपैकी कशात तरी दोष आहे. इंजिनात उत्पादकाने सांगितलेल्या तेलाऐवजी जाड तेल भरले असल्यासही हाच अनुभव येतो.

ठोका एकाच सिलिंडरमधून येत असेल तर तो सिलिंडर शोधून काढावा. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात, मंद गतीवर, नोझलकडे जाणाऱ्या नळीचे नट एकेक करून किंचित सैल करतात. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनाची गती पडते. दोषी सिलिंडरच्या बाबतीत फरक पडत नाही. हे काम जाणत्या माणसानेच, नटावर जाड फडके धरून व डोळ्यांना चष्मा लावून करावे. या नळीतील डिझेलची चिळकांडी कातडीतून आत शिरते, आणि अशी जखम वरून लहान दिसली तरी तातडीने दवाखान्यात जावे लागते. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक निकष लागू झाले. त्या ट्रॅक्टरांतील सामायिक दाबनळीच्या इंजिनांवर हा प्रयोग मुळीच करू नये. तेथे दाब कितीतरी अधिक असतो. दोषी सिलिंडर सापडला म्हणजे त्याचे नोझल व टॅपेटची फट तपासावी. तेल भरण्याच्या तोंडातून धुराचे भपकारे येत असतील तर मात्र कड्या झिजल्या आहेत, आणि तेथे किरकोळ उपायांत पैसे घालविण्यात अर्थ नाही.

आणखी एका कारणाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, ते म्हणजे साठविलेले डिझेल. थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबतो. भारतीय मानक १४६० प्रमाणे हिवाळी डिझेलसाठी फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा ६ अंश आहे, तर उन्हाळी डिझेलसाठी ती १८ अंश आहे. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात पिंपात भरून ठेवलेले डिझेल पौषाच्या पहाटे वापरल्यास इंजिन सुरू होऊन थोड्याच वेळात मंदावणे अगदी शक्य आहे. ऊन पडले की मेण विरघळते व दोष ‘आपोआप’ जातो. म्हणून तो सापडत नाही. त्यात रॉकेल मिसळण्याचा उपाय कोणी सुचविल्यास ऐकू नये, कारण पंपाचे वंगण डिझेलच करीत असते.

आता ज्या दोन गोष्टींना माझा ठाम विरोध आहे त्या सांगतो. पहिली, मंद गतीचा स्क्रू फिरवून गती वाढवून ठेवणे. त्यामुळे इंजिन बंद पडत नाही हे खरे, पण दोष तसाच आत राहतो, डिझेल जळत राहते, आणि गारठलेले घट्ट तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच इंजिन जोरात फिरते. गती पुस्तिकेत दिलेलीच ठेवावी. दुसरी, हवेच्या फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे. ईथर वेळेच्या फार आधी भडकते. त्याने कड्या तुटतात, आणि हवा तापविणारी कॉइल असलेल्या इंजिनात तर स्फोटाचा धोका असतो. एकदा सवय लागली की दर पहाटे तेच करावे लागते, हेही मी पाहिले आहे.

इंजिन गरम व्हावे म्हणून ते अर्धा-अर्धा तास मंद गतीवर सोडून चहास जाण्याची रीतही बरी नव्हे. अशा वेळी डिझेल अर्धवट जळते व नोझलवर काजळी धरते. तेलाचा दाब येईपर्यंत मिनिट-दोन मिनिटे थांबावे, मग रेस थोडी वाढवावी आणि हलक्या कामावर ट्रॅक्टर चालता करावा. बंद शेडमध्ये मात्र क्षणभरही चालू ठेवू नये. त्या धुरात विषारी वायू असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. आपली यंत्रदुरुस्तीची प्रात्यक्षिके बहुधा सकाळी ११ वाजता, पाहुण्यांच्या सोयीने होतात. त्या वेळी उन्हात उभा असलेला ट्रॅक्टर एका सेल्फला सुरू होतो आणि थंड इंजिनाचे दुखणे कोणासच दिसत नाही. या हिवाळ्यात निदान एक प्रात्यक्षिक पहाटे ६ वाजता, तक्रार असलेल्या शेतकऱ्याच्याच वस्तीवर ठेवावे. आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टरला कोणी हात लावू नये. बरोबर घनतामापक, व्होल्टमीटर, पारदर्शक नळीचा हातभर तुकडा व तांब्याच्या वायसरांची पुडी एवढेच न्यावे, आणि गावच्या मिस्त्रींना आग्रहाने बोलवावे.