विश्लेषण : नवा गिझर, जुनी वायर, बाथरूममधला शॉक कसा टाळायचा?

थंडीची चाहूल लागली की गिझरची खरेदी सुरू होते. कंपनी कोणती, किती लिटरचा, किती स्टारचा यावर घरात बराच खल होतो. तो कोणत्या वायरवर चालणार, हा प्रश्न मात्र गिझर भिंतीवर चढल्यावर पुढे येतो. मग जवळच्या दिव्याच्या बोर्डातून लाइन ओढून काम भागवले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला १० हजारांहून अधिक लोक दगावतात. हे सारेच मृत्यू घरांतले नसतात. पण ओले अंग, ओली फरशी आणि वीज एकत्र येणारी घरातली जागा म्हणजे बाथरूम.

दिव्याच्या लाइनवर गिझर का नको?

एलईडी दिवा ९-१० वॅटचा असतो. साठवणीचा गिझर साधारण २००० वॅटचा, तर इन्स्टंट गिझर बहुधा ३००० वॅटचा. २३० व्होल्टवर पहिला सुमारे ९ अँपिअर आणि दुसरा १३ अँपिअर प्रवाह खेचतो. दिव्या-पंख्याच्या बोर्डातील स्विच आणि सॉकेट मात्र ६ अँपिअरचे असतात. गिझर चालू केल्याबरोबर काही बिघडत नाही, म्हणूनच धोका लक्षात येत नाही. रोजच्या वापराने आतले जोड तापतात, वायरचे आवरण कडक होऊन तडकते आणि एके दिवशी बोर्डातून जळका वास येतो. गिझरची जाड पिन छोट्या सॉकेटमध्ये बसत नाही, हाच खरे तर इशारा असतो. पण ती पिन कापून लहान टॉप लावणारे किंवा कन्व्हर्टर वापरणारे कमी नाहीत.

मग वायरिंग कसे हवे?

गिझरसाठी मुख्य वितरण बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. २००० वॅटच्या गिझरला किमान २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर लागते. ३००० वॅटसाठी किंवा अंतर जास्त असल्यास ४ चौरस मिलीमीटरची घ्यावी. फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची अशा तिन्ही वायर पाइपमधून, मध्ये कुठेही जोड न देता न्याव्यात. बोर्डात या लाइनचा वेगळा एमसीबी असावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच बाथरूमच्या बाहेर बसवावा, म्हणजे ओल्या हाताने तो दाबण्याची वेळ येत नाही. गिझरचा पॉइंट उंचावर आणि शॉवरच्या फवाऱ्यापासून दूर ठेवावा.

एमसीबी असताना आरसीसीबी कशाला?

एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो. त्याचे काम वायर वाचवणे, माणूस नव्हे. ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. ६० वॅटच्या जुन्या बल्बलाही याहून थोडा जास्त प्रवाह लागायचा. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. हृदयाची लय बिघडायला मात्र तो पुरेसा असतो.

आरसीसीबी जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहातला फरक मोजतो. ३० मिलिअँपिअर क्षमतेचे उपकरण एवढी गळती झाली तरी सेकंदाच्या अंशात वीज तोडते. ते वारंवार पडत असेल तर गळती शोधायला हवी. ‘सारखा पडतो’ म्हणून त्याला बगल देऊन वायर जोडणे म्हणजे धोक्याची घंटा बंद करून झोपणे. त्यावरचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही तर उपकरण बदलावे.

अर्थिंगशिवाय चालणार नाही का?

गिझरमधला हीटिंग एलिमेंट क्षाराने झिजून फुटला की वीज पाण्यात आणि टाकीत उतरते. अर्थिंग असेल तर ती जमिनीकडे जाते आणि कोणी हात लावण्यापूर्वीच आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर गळतीची वाट माणसाच्या अंगातून जाते. आरसीसीबी पडतो, पण झटका बसल्यानंतर.

जुन्या इमारतींत अर्थिंगची वायरच नसते. तिथे सॉकेटमधली अर्थची पिन न्यूट्रलला जोडण्याची ‘युक्ती’ केली जाते. पुढे कुठे न्यूट्रल तुटला, तर गिझरची संपूर्ण बॉडी २३० व्होल्टवर येते. ही युक्ती अर्थिंग नसण्यापेक्षाही घातक आहे.

काम कोणी करावे?

बल्ब, फ्यूज किंवा स्विच बदलणे घरच्यांना करता येते. नवी लाइन टाकणे हे त्यात येत नाही. ते काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराने करावे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. प्रत्यक्षात गिझर पोहोचवणारा, प्लंबर आणि ओळखीचा वायरमन यांच्यात ही जबाबदारी हरवते. काम झाल्यावर अर्थिंग मोजून दाखवा आणि आरसीसीबी पाडून दाखवा, एवढे दोन आग्रह ग्राहकाने धरले तरी बरेच साधेल.

भाड्याच्या घरात प्रश्न अधिक अवघड आहे. गिझर भाडेकरूचा, भिंत मालकाची आणि इमारतीचे अर्थिंग सोसायटीचे. म्हणून सोसायट्यांनी रंगकामाइतकीच अर्थिंगच्या तपासणीची तरतूद करायला हवी. बाथरूमच्या नूतनीकरणात टाइल्स आणि नळांवर सढळ हाताने खर्च होतो, कारण ते दिसतात. भिंतीआडची हिरवी वायर दिसत नाही. पण खर्चाला कात्री लावायचीच असेल, तर ती टाइल्सना लावावी, या वायरला नाही.