निगेटिव्हवरचे ओरखडे आणि पगारातली कपात

निगेटिव्हवर ओरखडे का पडतात, हा प्रश्न आज कुणाला पडत असेल? मोबाइलच्या जमान्यात फिल्म वापरणारेच बोटांवर मोजण्याइतके. त्यातही चार बाय पाच इंचाची सुटी शीट फिल्म वापरणारा आमच्या सोलापुरात माझ्या माहितीत एकच, तो माझा मित्र. तरीही यावर लिहायला बसलो आहे. कारण या ओरखड्यांपायी एका बावीस वर्षांच्या मुलाचा पगार कापला गेला, आणि तो कापताना एकही निगेटिव्ह कुणी उजेडात धरून नीट पाहिली नव्हती.

मित्र नळदुर्गच्या किल्ल्याचे फोटो काढतो. बोरी नदीवरचा तो दगडी बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात बंधारा भरला की नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. पाणी ओसरले की पुढच्या पावसापर्यंत थांबा. गेल्या मोसमात मित्राने तिथे चार फेऱ्या केल्या. जवळ सहा होल्डर, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक शीट, म्हणजे फेरीला 12 आणि एकूण 48 निगेटिव्ह. त्यातल्या नऊंवर ओरखडे निघाले. फिल्म महाग, दृश्य वर्षातून एकदाच मिळणारे. त्याचा संताप मी समजू शकतो. पण तो संताप थेट धुलाई करणाऱ्या मुलावर गेला आणि नऊ शीटचे पैसे त्याच्या पगारातून वळते झाले.

संशय अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. शीट फिल्म ट्रेमध्ये धुतात ती मिट्ट काळोखात. सहा शीट एकावर एक, औषधात बुडवलेल्या. तळाची अलगद काढून वर ठेवायची, मग पुन्हा तळाची, असे सात-आठ मिनिटे. शीटचा कोपरा टोकदार असतो आणि ओले जिलेटिन फुगून मऊ झालेले असते. हात जरा तिरका पडला की कोपरा खालच्या शीटमध्ये रुततो. (जिलेटिन म्हटले की आमच्या घरात मिठाईच्या पाकिटामागची बारीक अक्षरे वाचली जातात. फिल्मवरचे जिलेटिनही जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यातूनच येते, पण त्याची चौकशी मी आजवर कुणाला करताना पाहिले नाही.)

माझे लहानपण मामूंच्या स्टुडिओत गेले. निगेटिव्ह बिघडली की मामू आधी ती दिव्याखाली तिरकी धरत आणि ओरखडा कोणत्या अंगाला आहे ते बघत. फिल्मचे एक अंग चकचकीत असते, ते नुसते प्लास्टिक. दुसरे मंद दिसते, त्यावर चांदीचे चित्र असते. मंद अंगावरून चांदी खरवडली गेली की निगेटिव्हवर पारदर्शक रेघ दिसते आणि प्रिंटवर ती काळी उतरते. चकचकीत अंगावरचा ओरखडा उजेड विखुरतो, म्हणून प्रिंटवर पांढरी रेघ येते. अशा वेळी मामू नाकाच्या कडेला बोट फिरवत आणि तो तेलकटपणा ओरखड्यात भरत. हसू नका, जुने डार्करूमवाले सर्रास हेच करत. तेलाने ओरखडा भरला की उजेड पुन्हा सरळ जातो.

मित्राच्या नऊ निगेटिव्ह मी मागून घेतल्या आणि खिडकीत बसलो. पाच मिनिटांत त्यांचे दोन ढीग झाले.

पहिल्या ढिगात चार. चारहींवर एकच सरळ रेघ, मंद अंगावर, शीटच्या लांब बाजूला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पट्टी लावून मोजले तर कडेपासूनचे अंतर चारहींत सारखे. चार फेऱ्यांची एकेक शीट. काळोखात काम करणाऱ्याचा हात चार वेगवेगळ्या दिवशी एकाच जागी, पट्टीने आखल्यासारखा चुकेल का? आणि दर वेळी बारांतली एकच शीट निवडेल? लांब बाजूने सरळ जाणारी वस्तू या सगळ्या प्रवासात एकच आहे. ती म्हणजे होल्डरची डार्क स्लाइड, फोटो काढण्याआधी ओढायची आणि नंतर परत सरकवायची ती पातळ पट्टी.

मग तपास सोपा होता. एक वाया गेलेली शीट घेतली, भर उजेडात एकेका होल्डरच्या एकेका बाजूला भरली, स्लाइड ओढली, परत घातली, शीट काढून दिव्याखाली तिरकी धरली. बारापैकी अकरा बाजू स्वच्छ. एका बाजूने रेघ मारली, त्याच अंतरावर. तरी होल्डरला दोष देण्याची घाई केली नाही. त्या बाजूची स्लाइड दुसऱ्या होल्डरमध्ये घातली, बाकी काहीही बदलले नाही. नव्या शीटवर रेघ स्लाइडच्या मागोमाग आली. स्लाइड किंचित वाकलेली होती आणि तिच्या पुढच्या कडेवर एक बारीक कंगोरा उठला होता, डोळ्यांना न दिसणारा. नखाला लागत होता. हे होल्डर मित्राने जुन्या मालातून घेतले होते. धुणाऱ्या मुलाचा या स्लाइडशी संबंध येतो तो फोटो काढून झाल्यावर, शीट बाहेर घेण्यापुरता.

दुसऱ्या ढिगातल्या पाचांवर आकड्यासारखे छोटे, वाकडे ओरखडे होते, वाटेल तिथे. हे ट्रेमधले, कोपऱ्याचे. म्हणजे मुलाच्या हातून झालेले. पण पाचही शेवटच्या फेरीतले होते, त्याआधीच्या तीन फेऱ्यांत असा एकही नव्हता. शेवटची फेरी धुतली ती ऑक्टोबर हीटमध्ये, दुपारी. गच्चीवरच्या टाकीचे पाणी तेव्हा 30 अंशांवर असते आणि धुलाई 20 अंशांना करायची असते. कोमट पाण्यात जिलेटिन जास्त फुगते, सायीसारखे होते. जुने लोक म्हणूनच हायपोत तुरटी घालत, तिने ते घट्ट होते. पण तोवर डेव्हलपरमधले काम होऊन गेलेले असते. खरा उपाय बर्फ.

मी मुलाला विचारले. तो म्हणाला, ‘‘चाचा, बर्फ मागितला होता मी. सर म्हणाले, आज असंच उरक.’’

मित्राचे म्हणणे असे की काम ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची. मला हे पटत नाही. ज्याला पाण्याचे तापमान ठरवायचा अधिकार नाही, होल्डर निवडायचा नाही, उद्या धुतो म्हणायचाही नाही, त्याच्याकडे फक्त हात उरतात. आणि काळोखात काम करणाऱ्याची बाजू घ्यायला कुणी साक्षीदार नसतो. इथे नऊ निगेटिव्ह बोलत होत्या, म्हणून निभावले. गिरणीत, गोदामात, हॉटेलच्या मोरीत फुटलेल्या बशीचे पैसे कापताना असे काही तिरके धरून पाहायलाही मिळत नाही. नुकसान झाले की सगळ्यात शेवटी कुणाचा हात लागला होता ते बघायचे, ही आपली जुनी सवय. शेवटचा हात बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराचा असतो.

मी मित्राला दोन गोष्टी करायला लावल्या. वाकडी स्लाइड कचऱ्यात. आणि कानस घेऊन प्रत्येक होल्डरच्या झडपेच्या कडेला वेगवेगळ्या खाचा पाडल्या, कुठे एक, कुठे दोन. त्या निगेटिव्हच्या कडेला उमटतात, म्हणजे पुढच्या वेळी कोणती शीट कुठल्या होल्डरमधली हे आपोआप कळेल.

चार शीटचे पैसे मित्राने परत केले. पाचांचे अजून दिलेले नाहीत, त्यावरून आमची बोलाचाली चालू आहे. डार्करूममध्ये आता बर्फाचा थर्माकोलचा डबा आला आहे. तो मुलाने स्वतःच्या पैशांतून आणला.