घरच्या शाळेचे दप्तर

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा निर्णय घेणारी काही सुशिक्षित कुटुंबे आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आढळतात. या निर्णयाच्या शहाणपणाविषयी मतभेद आहेत व ते राहतील. घोकंपट्टी, शिकवण्या आणि गुणांची जीवघेणी चढाओढ यांना विटलेल्या पालकांचा त्रागा आम्ही समजू शकतो. आणि चार घरच्या मुलांत मिसळून जे मिळते ते घराच्या चार भिंतींत कोठून मिळणार, हा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. परंतु या वादात एक साधा प्रश्न मागे राहून जातो. शाळा मुलाला शिकविते, त्याचबरोबर त्याची नोंदही ठेवते. जे मूल शाळेत गेलेच नाही, त्याची नोंद कोणी ठेवावयाची?

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. शिक्षणहक्काचा अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, असे त्याचे १० वे कलम सांगते. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकास त्यात कोणतीही शिक्षा नाही. २०१२ साली केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन, स्वेच्छेने घरी शिकविणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका मांडली होती. पण प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे, आणि ती भूमिका अधिनियमाच्या कोणत्याही कलमात उतरली नाही. तात्पर्य, घरचे शिक्षण आज धड निषिद्ध नाही आणि धड मान्यही नाही. निषिद्ध नाही म्हणून पालक निर्धास्त आहेत. मान्य नाही म्हणून त्यांच्या मुलांचे खाते कोणत्याच कचेरीत उघडलेले नाही.

महाराष्ट्रात या उणिवेची किंमत मोठी आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका ओळीत मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आणि प्रवेशाचा दिवस नोंदलेला असतो. त्या ओळीवरूनच शाळा सोडल्याचा दाखला तयार होतो आणि जातीच्या प्रमाणपत्रापासून अधिवासाच्या दाखल्यापर्यंत अनेक कामांत तो पुरावा म्हणून मांडला जातो. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा जुन्या महसुली दप्तरांबरोबर शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्याही चाळल्या गेल्या. पणजोबांच्या नावापुढे कोणा गुरुजींनी टाकाने लिहिलेला एक शब्द पणतूच्या भवितव्याला कसे वळण देतो, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. घरी शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती ओळच येत नाही.

परीक्षेची वाट अगदीच बंद आहे असे नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला चौदा वर्षे पूर्ण झालेले मूल बसू शकते. जन्मतारखेचा पुरावा आणि आपण त्या अभ्यासाइतके शिकलो आहोत असे स्वतःचे निवेदन तेथे चालते. आपल्या राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या अर्जासोबत मात्र शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. मूळ दाखला नसल्यास द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. शाळेची पायरीच न चढलेल्या मुलाने कशाची द्वितीय प्रत आणावी? २०१६ साली मुंबईच्या एका घरी शिकलेल्या मुलीला, संगणकाच्या ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने प्रवेश दिला. आपल्या आय.आय.टी.चे दार तिला बंद होते, कारण तिच्यापाशी बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. अशी पदके हजारात एखाद्याच मुलाच्या हाती येतात. बाकीच्यांना कागदाचाच आधार असतो.

म्हणून घरी शिकविणाऱ्या पालकांना आमचे पहिले सांगणे हे की, घरात शाळा थाटली तर घरात दप्तरही थाटावे. जन्माचा दाखला जपावा. मुलाला शाळेतून काढले असेल तर शाळा सोडल्याचा दाखला त्याच वेळी घ्यावा व त्यातील प्रत्येक अक्षर तपासावे. एक बांधीव वही करून तीत तारीखवार काय शिकविले, कोणते पुस्तक वाचले, कोणता प्रयोग केला हे लिहावे. दर सहामाहीचे मुलाचे हस्ताक्षरातील निबंध, सोडविलेली गणिते आणि चित्रे राखून ठेवावीत. वर्षातून एकदा एखाद्या जाणत्या शिक्षकाकडून मुलाची पारख करवून त्याचा अभिप्राय सहीनिशी घ्यावा. ‘सौ बका, एक लिखा’ ही म्हण उगाच पडलेली नाही. शिक्षणाचा प्रयोग आईबापांचा असेल. त्याचा पुरावा ही मात्र मुलाची मालमत्ता आहे.

यावर कोणी म्हणेल की, शाळेच्या जाचातून सुटलो तो पुन्हा कारकुनाच्या तावडीत कशाला द्यावयाचे? ही भीती खोटी नाही. तथापि तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली. अशा पाहणीत शाळेच्या पटावर नाव नसलेले मूल ते शाळाबाह्य मूल. प्राध्यापकाच्या घरी भूमिती शिकणारा मुलगा आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी बसविलेली मुलगी, दोघेही पटाबाहेरच. नोंद नसेल तर पहिल्यावर विनाकारण संशय येतो. आणि उद्या ‘आम्ही घरीच शिकवितो’ असे दुसरीचा बाप म्हणाला, तर त्याला खोटे कसे ठरवावयाचे? पहिल्याच्या स्वातंत्र्याची ढाल दुसरीच्या कोंडीला वापरली जाऊ नये, एवढ्यासाठी तरी नोंद हवी.

इतर देशांनी यातून मार्ग काढले आहेत. मुलाचे शिक्षण शाळेतून किंवा अन्य प्रकारे व्हावे, अशी सोय ब्रिटिश पार्लमेंटने १९४४ च्या कायद्यातच करून ठेवली. अमेरिकेत टेक्सस राज्य पालकांकडून सूचनाही मागत नाही, तर न्यूयॉर्कमध्ये दर वर्षी सूचना, अभ्यासाचा आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात. आम्हांला मधला मार्ग पसंत आहे, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे याच अधिनियमाचे ९ वे कलम सांगते. त्या नोंदवहीत ‘घरी शिक्षण’ असा एक रकाना वाढवावा. पालकाने एका पानाची सूचना द्यावी, कचेरीने क्रमांक घालून पोच द्यावी. वर्षाखेरीस एक अहवाल घ्यावा, आणि त्या क्रमांकाचा दाखला १७ नंबरच्या अर्जास शाळेच्या दाखल्याऐवजी चालावा. ही पोच म्हणजे परवाना नव्हे, हेही त्याच आदेशात स्पष्ट करावे.

महापालिकांच्या शिक्षण विभागांनी मनावर घेतले तर हे काम एका परिपत्रकाचे आहे. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ असे म्हणून मोठी माणसे वाट पाहू शकतात. चौदा वर्षांच्या मुलाचे परीक्षेचे वर्ष मात्र कोणासाठी थांबत नाही.