ठराव दप्तरांत, माणूस टाकींत!

बंधूंनो, गांव सोडून आपल्यांतले कित्येक चेंबुरास सोसायट्यांचे सभासद झाले. त्यांस आमचा रोखठोक सवाल आहे : मैल्याची टाकी यंत्रानेंच उपसावी, असा ठराव सभेंत पास झाला म्हणजे नवी रीत अमलांत आली काय?

संरक्षणाच्या साधनांवांचून टाकींत माणूस उतरविणें हा २०१३ सालच्या कायद्यानें गुन्हा आहे. पहिल्याच वेळीं दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी डिसेंबर २०१९ मध्यें शेजारच्या गोवंडींत एका सोसायटीच्या टाकींत तीन मजूर मेले. त्यांच्या विधवांस दहा-दहा लाख रुपये द्या, असें मुंबई हायकोर्टास २०२१ सालीं सरकारला बजवावें लागलें.

सोसायटी म्हणते, कंत्राटदारास विचारा. कंत्राटदार म्हणतो, मजूर आपण होऊन उतरला. वाहवा रे न्याय! टाकींतला विषारी वायु आधीं नाक बधिर करतो, मग जीव घेतो. तेथें सेक्रेटरीचा मुलगा कधीं उतरला आहे काय?

जोतीरावांनीं सप्टेंबर १८७३ मध्यें सत्यशोधक समाज स्थापिला आणि डिसेंबरांत भटावांचून लग्न लावून दाखविलें. अंमल म्हणतात तो याला! तुम्हीही यंत्राचा खर्च अंदाजपत्रकांत घाला. झांकण उघडतांना कमिटीचा एक माणूस नांवानिशीं उभा करा. माणूस उतरविला तर बिल मिळणार नाहीं, असें कंत्राटांत लिहा. एवढें होत नसेल तर तो ठराव फाडून टाका. निदान दप्तरांत खोटें तरी राहणार नाहीं.