‘नशेत होता’ ही सबब आता पुरे!



शनिवारी रात्री अकरानंतर कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात तासभर बसून पाहा. पगाराचा वार असतो. कुणाचे डोके फुटलेले, कुणाच्या हातात बाटलीची काच घुसलेली, कुणा बाईचा ओठ फाटलेला. डॉक्टर विचारतात, काय झालं? ती म्हणते, मोरीत पडले. टाके घातले जातात, पहाटे ती घरी जाते. पोलीस ठाण्यात यातले फार थोडे पोचते. जे ठाण्यात पोचले नाही ते शासनाच्या लेखी घडलेच नाही.

नेमकी हीच गोष्ट इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, कार्डिफ शहरात, जोनाथन शेफर्ड नावाच्या एका जबड्याच्या सर्जनने पाहिली. रोज मोडलेले जबडे जोडणारा हा माणूस. त्याच्या लक्षात आले की मारहाणीत जखमी होऊन आलेल्या बहुतेकांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग तिथल्या रुग्णालयात प्रत्येक जखमीला तीन साध्या गोष्टी विचारायला सुरुवात झाली: कुठे झाले, केव्हा झाले, कशाने झाले. नावगाव काढून टाकून ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिकेच्या टेबलावर जाऊ लागली. कुठल्या बारमध्ये, कुठल्या चौकात, कुठल्या वेळी रक्त सांडते ते दिसू लागले. त्यानुसार गस्तीचे मार्ग बदलले, त्या त्या बारच्या परवान्यावर नजर बसली, काचेच्या ग्लासांऐवजी प्लास्टिकचे ग्लास आले. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेब छापून आला. तशाच १४ शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी होते. ना दारूबंदी, ना प्रवचन. रुग्णालय, पोलीस आणि पालिका एका टेबलावर बसले, एवढेच.

आपल्याकडे काय चालते? एक तर संपूर्ण बंदी, नाही तर पथनाट्य. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. ज्या आयाबहिणी मैलोन् मैल चालत मोर्च्याला गेल्या त्यांचे दुःख खोटे नव्हते, त्यांच्या लढ्याला आमचा सलामच आहे. पण बंदी घातली की आपले काम संपले, असे शासन मानते आणि मागच्या दाराचा धंदा त्याच वस्तीच्या गळ्यात पडतो.

हे आम्ही आज शोधून काढलेले नाही. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी दारूबंदी रद्द करा, अबकारी उत्पन्न पुन्हा सुरू करा, असे स्पष्ट मांडले होते. बंदीने दारू दुकानातून उठून घराघरात शिरली, हा त्यांचा आक्षेप होता. आणि त्याच बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात २२ प्रतिज्ञा देताना दारू न पिण्याची प्रतिज्ञाही दिली. आमच्यातल्या काहींना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. शील हे माणसाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन आहे, धोरण हे शासनाने पार पाडायचे कर्तव्य. वस्तीत मारहाण झाली की ‘तुमची पोरं शील पाळत नाहीत’ असे म्हणून हात झटकण्याची सोय शासनाला आम्ही द्यायची नाही. (जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्यांचा हिशेब आपण आपल्या विहारात करू. त्यात कुणाची गय नको.)

आता मूळ दुखण्याकडे येऊ. रात्री ढाब्यावर पिऊन टोळके आपल्या वस्तीत येते, जातीवरून शिव्या देते, पोरांना बदडते. सकाळी ठाण्यात ऐकायला मिळते, ‘अहो, नशेत होता, किरकोळ भांडण आहे, मिटवून टाका.’ एका ‘नशेत’ या शब्दात जात पुसली जाते. विचारा त्यांना, नशा चढल्यावर यांना आपलीच गल्ली बरी सापडते! कायदा तर वेगळेच सांगतो. स्वतःहून प्यायलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती असे धरले जाते; पूर्वीच्या भारतीय दंड विधानाचे कलम ८६ आणि आजच्या भारतीय न्याय संहितेचे कलम २४ वाचा. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम ८ मध्ये भर पडली: आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असेच न्यायालय गृहीत धरेल; उलटे सिद्ध करायचे तर ते त्याने करायचे. ही दोन कलमे एकत्र ठेवली की ‘नशेत होता’ ही पळवाट बुजते.

मग कार्डिफसारखे टेबल आपल्याकडे कुठे आहे? ‘भागीदारी’ म्हटले की आमच्या पोटात गोळा येतो, कारण आजवरची भागीदारी म्हणजे ठाण्यात पोलीस, बारमालक आणि नगरसेवक यांचा चहा. माहितीचा नकाशा तयार झाला आणि वस्तीतली पोरे उचलायला तो वापरला, तर तो नकाशा आम्हीच फाडू. म्हणून नावे नकोत, फक्त जागा आणि वेळ हवी. आणि पहिला जाब परवानाधारकाने द्यायचा. पबवाल्यासाठी ‘नाइटलाइफ’ आणि सरकारमान्य देशी दारूच्या दुकानासमोर लाठी, हा न्याय चालणार नाही. मतदानाआधी ४८ तास दारू बंद करून दाखवणाऱ्या प्रशासनाला एका चौकातले एक दुकान आवरत नाही, यावर आमचा विश्वास नाही.

टेबल आधीच आहे. अॅट्रॉसिटी नियम १९९५ च्या नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक सोबत, अशासकीय सदस्यांनाही जागा, आणि तीन महिन्यांतून किमान एक बैठक बंधनकारक. तिथे जिल्हा शल्यचिकित्सक आणि राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक यांना बोलवा. मारहाणीच्या जखमांची महिनावार, ठिकाणवार, बिननावाची आकडेवारी आणि परवान्यांची यादी शेजारी शेजारी ठेवा. वस्तीतल्या दोन बायका त्या खोलीत हव्यात, कोपऱ्यातल्या खुर्चीवर नव्हे, टेबलाशी.

या महिन्यात प्रत्येक तालुक्यातून एक तरी माहिती अधिकाराचा अर्ज गेला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात ही समिती कोणत्या तारखांना बसली, इतिवृत्ताच्या प्रती द्या, एवढेच विचारा. दहा रुपये लागतात.